काठ्यावरचे अकरा दगड

रोह्याहून पेणला रेल्वेने यायला तासभर पुरतो. माझी गिऱ्हाइकं त्याच प्रवासाला चार दिवस लावत. उन्हाने नाकाची सालं निघत, तळहातांना फोड येत, नखांतला चिखल आठवडाभर जात नसे. तरीही पेणच्या एसटी स्टँडवर निरोप घेताना त्यांना माझा हात सोडवत नसे. पाहुण्यांना खाडीतून आणि समुद्रातून कयाकने घेऊन जाणं, हा माझा नऊ सीझनचा धंदा.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "गमती लिहा. कोल्हे, डॉल्फिन, विचित्र गिऱ्हाइकं." तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा एक गोष्ट बाजूला ठेवून लिहू गेलो आणि तीच आडवी आली. म्हणून आता तीही लिहितो. पण ती मला स्वतःला अजून नीट समजलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कयाक म्हणजे एका माणसाची लांब, बारीक बोट. वरून बंद, मधे कमरेएवढं भोक. त्यात माणूस पाय पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतो. माझ्याकडे अशा आठ होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. आमच्या गावाने त्यांना पहिल्याच दिवशी 'काकड्या' नाव दिलं. माझा चुलतभाऊ धर्मादादा माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्याने जन्मभर शेती आणि मिठागर केलं. मला खाडीवर पाहिलं की तो ओरडायचा, "म्हाद्या, आज कोशिंबीर किती मान्सांची?"

आमची वाट अशी: रोह्याजवळ कुंडलिकेत उतरायचं, खाडीने रेवदंड्यापर्यंत, तिथून किनाऱ्याला धरून उत्तरेकडे अलिबागवरून रेवस, आणि चौथ्या दिवशी धरमतरच्या खाडीत शिरून पेणच्या बाजूला आमच्या गावी. आमचं गाव खारेपाटातलं, खाडीला लागून. शेवटचं जेवण माझ्या घरी. खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि माझी बायको सुनंदा हिचा दम: "पोट भरलं म्हनायचं नाय हां!"

या कामात ताकद फार लागत नाही. भरती-ओहोटी कळावी लागते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, पुढे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. आत खाडीत पाणी पोचायला जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास वाढवायचा. मोबाईलवर सगळं मिळतं, पण पाहुण्यांसमोर बोटं मोजून वेळ सांगितली की ते खूश होत. मीही होत असे, खोटं कशाला बोलू.

पाण्याविरुद्ध वल्हवायचं नाही, हा पहिला नियम. ठाण्याचे एक बँक मॅनेजर होते, मनगटावर वेग दाखवणारं घड्याळ. रोह्याहून निघताना मी म्हटलं, ओहोटी सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत, चहा घ्या. त्यांना थांबवेना. घाम गाळत वल्हं मारू लागले आणि थोड्या वेळाने ओरडले, "अहो, हे शून्य दाखवतंय!" काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. तो म्हणाला, "घड्याल बरोबर हाय साहेब. तुमी तितंच हाव."

ओहोटीला चिखल उघडा पडला की तिवरांच्या झाडीतून कोल्हे चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, खायला उतरतात. दिवसाउजेडी, आपल्याकडे न बघता, घरच्यासारखे. कुंडलिकेच्या एका वळणावर उदांचं, म्हणजे पाणमांजरांचं, कुटुंब होतं. मासा पोटावर ठेवून खाताना ते इतका आवाज करत की पुण्याच्या एका काकूंनी हळूच विचारलं, "कोणी चिवडा उघडलाय का?" रेवदंड्याच्या पुढे, नशीब असेल तर, डॉल्फिन. मी सांगायचो, "बोलू नका, हलू नका, ते येतील." आले की मला मान मिळायचा, न आले की दोष वाऱ्यावर ढकलायचो. हे ढकलणं मला चांगलं जमत असे.

त्याचाच एक नमुना सांगतो. जानेवारीतली सकाळ, रेवसजवळ एवढं धुकं की माझ्याच बोटीचं टोक दिसेना. सात पाहुणे मागे. खाडीतून माल नेणाऱ्या बार्ज जातात, त्यांच्या इंजिनाची घरघर एकदा उजवीकडून यायची, एकदा मागून. पाहुणे चार दिशांना बोटं दाखवत होते आणि मला खरोखर काही कळत नव्हतं. तरी मी खणखणीत आवाजात म्हणालो, "डावीकडे, माझ्या मागे या." पाऊण तास वल्हवलं. काठ लागला. वर चढून बघतो तर आमचीच कालची चूल, राख अजून कोमट. मी वळून म्हणालो, "चहा राहिला होता ना, म्हणून परत आणलं." सगळे हसले. काहींना ते खरंही वाटलं. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आज वाटतं, खणखणीत आवाजात खोटं बोलायची सवय मला अशा हशांनी लावली.

आता ती गोष्ट.

खारेपाट म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. खाडी आणि भातशेती यांच्यामधे मातीचा लांबच लांब बांध असतो, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो, नुसता काठाही म्हणतो. उधाणाला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं. मधे तेवढी माती. म्हणून काठ्याला खाडीच्या अंगाने दगडांचा थर बसवलेला असतो. काठा फुटला तर त्या भगदाडाला खांड म्हणतात. खारं पाणी शेतात गेलं की ते पीक तर जातंच, पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धड पिकत नाही.

काठा राखायची जुनी रीत म्हणजे जोळ. प्रत्येक घराला काठ्याचा एक तुकडा नेमून दिलेला. वर्षातून एकदा घरटी एक माणूस यायचा, आपापल्या तुकड्यावर चिकणमाती चढवायची, सुटलेले दगड बसवायचे. माझ्या लहानपणी गाव लोटायचं. पुढे माणसं डोलवीच्या कंपनीत शिफ्टला लागली. मीही चार वर्षं तिथे कंत्राटी होतो, नंतर रोह्याच्या पुढे राफ्टिंगवर. जोळीच्या दिवशी कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची जनरल. शेवटी धर्मादादा एकटाच घमेलं घेऊन सगळ्यांच्या तुकड्यांवरून फिरू लागला. मी घरून चहा पाठवायचो.

ओहोटीला आमच्या गावापाशी पाणी आणि काठा यांच्यात शंभर पावलं मांडीभर चिखल असतो. तिथे पाहुणे उतरवता येत नाहीत. म्हणून भरतीला यायचं, बोट थेट काठ्याला लावायची आणि काठ्यावरून ओढत आत आणायची. पण दगडांवर बोटींचे तळ खरवडत होते. नव्या बोटी, मन कळवळायचं. तिसऱ्या सीझनच्या आधी एका दुपारी मी पहार घेऊन गेलो आणि आमच्या तुकड्यावरचे दगड काढून बाजूला रचून ठेवले. अकरा दगड. दोन हातांची वाट मोकळी झाली. आमचाच तुकडा, आमच्याच घराचा. सीझन संपला की पुन्हा बसवू, असं ठरवलं होतं. सीझन संपला. पाऊस आला. पुढचा सीझन आला. दर ट्रिपला ओल्या बोटी त्याच मातीवरून सरकत राहिल्या आणि काठ्याच्या माथ्यावर एक गुळगुळीत चाकोरी पडली. मला ती आवडायची. बोट लोण्यावरून आल्यासारखी यायची.

पाच वर्षांपूर्वीची, कोजागिरीच्या सुमाराची, सीझनची पहिली ट्रिप. पाहुणे सहा, त्यांत पुण्याच्या देवस्थळीबाई, निवृत्त डोळ्यांच्या डॉक्टर, वय पासष्टच्या पुढे. त्या आदल्या वर्षी पार उत्तर ध्रुवाकडे जाऊन हिमनद्यांच्या पायथ्याशी पाच दिवस कयाक करून आल्या होत्या. मग काय, चारही दिवस त्यांचीच गोष्ट. समुद्रात उतरणारी बर्फाची भिंत, शहरातल्या इमारतीएवढी. तिचा कडा कोसळला की आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. बर्फाच्या तुकड्यांवर लोळणारे सील, "लोडांसारखे हो, कुणी मांडून ठेवल्यासारखे." पाहुणे माझे ऊद बघायचे सोडून त्यांच्याकडे बोटी वळवत. मला राग येत होता. कबूल करतो.

"आमचा तिथला गाइड फार कडक," त्या सांगत होत्या. "तंबूला दगड घेतला तर निघताना जिथला तिथे, शेवाळाची बाजू वर करून ठेवायचा. सगळ्या बोटी उचलून न्यायच्या, ओढायच्या नाहीत. मी विचारलं, एका बोटीने काय होणार? तो म्हणाला, प्रत्येकाची एकच बोट असते."

"तिकडे चिखल नसेल बाई," मी म्हणालो. सगळे हसले.

चौथा दिवस द्वितीयेचा. दोनाची पाऊणपट दीड, आमच्या गावापाशी सव्वादोन. मोठं उधाण. भरतीच्या पाठीवर बसल्यासारखे आलो आणि पावणेदोनलाच काठ्याला लागलो. पाणी माथ्याच्या वीतभर खाली होतं. एवढं मी त्या जागी पूर्वी पाहिलं नव्हतं. काठ्यावर धर्मादादा उभा, कमरेला टॉवेल, हातात फावडं.

"म्हाद्या, आज लई वर हाय पानी. बोटी पलीकडं दगडांवरून घे."

"तल खरवडतात दादा. पाच मिन्टांचं काम."

देवस्थळीबाई उतरल्या. फोटो काढत होत्या. बाजूला रचलेल्या दगडांकडे बघून त्यांनी विचारलं, "हे इथलेच का?"

"हो. पावसात निखळलेत," मी म्हणालो. खणखणीत आवाजात. धर्मादादा माझ्यामागे दोन पावलांवर होता. त्याने ऐकलं की नाही, हे मला पुढची पाच वर्षं कळलं नाही.

सात बोटी चाकोरीतून आत ओढल्या. शेवटच्या बोटीच्या मागोमाग पाण्याची बारीक जीभ आत आली. धर्मादादाने फावड्याने चिखल ओढून चाकोरी बुजवली, पायाने तुडवली. पाणी थांबलं.

"चल जेवायला," मी म्हणालो.

"तुमी जा. पानी फिरू दे."

"अर्ध्या तासात ओहोटी लागेलच. दादा, चल रे. ही मान्सं काठ्याची गोष्ट कुनाकडून ऐकतील? आज जिताडा मोठा गावलाय." मी त्याचा हात धरला. पाहुण्यांना खराखुरा काठा राखणारा माणूस दाखवायचा होता. बाईंच्या बर्फाला माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं.

तो आला.

पंगत रंगली. बाई पुन्हा हिमनदीवर आल्या. गाइड लहान होता तेव्हा बर्फ जिथवर होता तिथे त्याने खूण केली होती आणि आता त्या खुणेपासून बर्फ बघायला बराच वेळ वल्हवावं लागत होतं.

"मंग ता वितललेला बर्फ जातो कुटं?" धर्मादादाने विचारलं.

"समुद्रात. सगळीकडे. शेवटी थोडा इथेही."

"आता गावला!" धर्मादादा भाकरी वर करून म्हणाला. "मी म्हनतोय आमच्या काठ्याला एवढं पानी लागतंय कुनाचं! बाई, तुमच्या बर्फाचं हाय ता. न्या परत." बाई पोट धरून हसल्या. सुनंदा आतून हसत आली. आणि त्याच हशात बाहेरून आवाज आला.

"खांड! खांड पडली गोऽऽ!"

आमच्याकडे ही हाक ऐकली की ताटावरून उठायचं, हात धुवायला थांबायचं नाही. बायका घमेली घेऊन, कुणी पेंढ्याचे भारे, कुणी घराचं दार काढून पळत होते. आम्ही पोचलो तेव्हा बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि खाडी आत येत होती. फार आवाज नव्हता. नुसती येत होती. समोर लोंबीला आलेलं भात, त्यात तपकिरी पाणी शांतपणे पसरत होतं.

धर्मादादा म्हणाला, "काकड्या आन. आडव्या घालून चिकलानं भरू."

मी म्हणालो, "हलक्या हायत दादा. वाहून जातील."

ते खरंही होतं. पण मी ते त्यासाठी म्हणालो नव्हतो. मला माझ्या बोटी दिसत होत्या, सात सीझन, एकेक करून घेतलेल्या. किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. वळून बघतो तर देवस्थळीबाई आपली पिवळी बोट एकट्याच ओढत येत होत्या. मग मी धावलो. दोन बोटी वाहून आत शेतात गेल्या. तिसरी अडकली. तिच्यात चिखल भरला, तिच्यावर चौथी, मग दारं, पेंढा, माती. माझे ते अकरा दगड कुठे गेले, बघायला वेळ नव्हता. पाणी उतरू लागलं तेव्हा सगळं गाव, सहा पाहुण्यांसकट, कमरेएवढ्या चिखलात होतं. पुढच्या भरतीच्या आत, दिवस मावळताना खांड बुजली.

पण तोवर सात घरांचं भात गेलं होतं. खालच्या अंगाची खाचरं ती. धर्मादादाची तिन्ही त्यांत होती. माझी वरच्या अंगाला, त्यांना पाणी शिवलं नाही.

खांड नेमकी कुठून पडली? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता तो शब्दांसारखा वाटत नाही. भगदाडात चाकोरीही गेली होती आणि तिच्या डावीकडचा बराच काठाही. सुरुवात चाकोरीतून झाली की डावीकडून, सांगणारं तिथे कुणी नव्हतं. जो तो वेगळं बोलत होता. कुणी म्हणे बार्जच्या लाटा, कुणी म्हणे उधाणच तसलं. पंधरा दिवसांनी देवळात सभा झाली तेव्हा धर्मादादा उभा राहिला आणि म्हणाला, "चिंबोऱ्यांनी बिलं केली व्हती. मी बगितली व्हती. आतून पोकल झाला व्हता काठा." धर्मादादा म्हणाला म्हणजे विषय संपला.

आणि मग त्यांनी माझा सत्कार केला. गावासाठी स्वतःच्या बोटी घातल्या म्हणून शाल आणि नारळ. मी मान खाली घालून उभा राहिलो, लोकांना तो विनय वाटला. आता बोलावं, असं दोनदा आलं ओठांवर. बोललो ते असं, "मी काय विशेष केलं."

घरी आलो तर सुनंदा उंबऱ्यात. दगड काढले तेव्हा पहार तिनेच दिली होती. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "अवो, घेतलीत शाल?" तिने ती पेटीच्या तळाशी ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात थंडीला कुणी ती मागितलेली नाही.

त्याच आठवड्यात देवस्थळीबाईंचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. उतरतानाचा. काठा, माथ्याजवळ आलेलं पाणी, चाकोरी, पिवळी बोट, आणि कडेला रचलेले दगड. इतके नीट रचलेले की पावसाने निखळले म्हणायची सोय नाही. खाली दोन वाक्यं: "हा ग्रुपवर टाकलेला नाही. तुमच्याकडे असावा." हा ठपका होता, की आधार, की नुसती आठवण? मी उत्तर दिलं नाही. आजतागायत दिलेलं नाही.

उरलेल्या बोटी विकल्या, भाड्याच्या बोटींवर दोन सीझन काढले. पण काठ्याला बोट लावताना मी शेवटची दहा वल्ही उगाच लांबवायचो, आणि गाइड कचरला की पाहुण्यांना लगेच कळतं. सोडलं ते काम. आता पेणच्या कारखान्यांतून गणपती पोचवणारा टेम्पो चालवतो. मूर्तीला धक्का लागू न देता खड्ड्यातून गाडी काढणं हे जवळजवळ तसंच काम आहे, फक्त गणपती प्रश्न विचारत नाही. जोळीला मात्र दरवर्षी जातो. शिफ्ट नाही, सबब नाही.

या चैत्रात जोळीला चौघं आलो होतो. पाणी भरतीला लागलं तसे दोघं घरी गेले. धर्मादादा आणि मी काठ्यावर बसून राहिलो. त्याचा डबा तो हल्ली बरोबर आणतो. मी मोबाईल काढला आणि तो फोटो त्याच्यापुढे धरला. त्याला आता जवळचं दिसत नाही. हात लांब करून बघत राहिला.

"पिवली काकडी. चांगली व्हती रं ती."

"दादा, बाजूचे दगड बघ. ते पावसानं निखळले नव्हते. मी काढले व्हते. पहारीनं."

त्याने मोबाईल परत दिला. पाण्याकडे बघत म्हणाला, "अकरा."

"तुला म्हाईत व्हतं?"

"पाच वर्सं त्यांच्या बाजूनं घमेली नेली मी. मोजनार नाय?"

"मग सांगितलं का नाहीस? बसवले का नाहीस?"

"तुझा तुकडा. म्हनलं, आज बसवील, उद्या बसवील. लाज वाटंल त्याला."

"आणि सभेत चिंबोऱ्यांचं नाव घेतलंस. माझ्यासाठी."

तो माझ्याकडे वळला. "तुझ्यासाठी? उगा फुगू नको. सोतासाठी घेतलं."

मग तो बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. उधाणाला ज्याच्या हातात फावडं, त्याने पाणी फिरेपर्यंत काठा सोडायचा नाही, हा नेम. त्याचा बाप काठ्यावरच जेवायचा. एकदा घरात पाहुणे आले तरी उठला नव्हता. आणि त्या दिवशी धर्मादादा ओल्या चिखलाने बुजवलेली चाकोरी तशीच सोडून, पाणी चढत असताना, जिताडा खायला गेला. "मी हितं असतो तर पयल्या धारेलाच दिसलं असतं. चार घमेल्यांचं काम व्हतं. सात घरांचं भात गेलं, म्हाद्या. लोक इचारतील, धर्मा, तू कुटं व्हतास? म्हनून आदीच चिंबोऱ्या पुढं केल्या."

"पण तुला हात धरून मीच नेलं."

"हात तू धरलास. पाय माझे व्हते."

पाच वर्षं जे ओझं मी एकट्याचं समजत होतो, त्याचं दुसरं टोक तो धरून उभा होता, मी पावसाच्या आड, तो चिंबोऱ्यांच्या आड. आता ते ओझं अर्धं झालं की दुप्पट? मी नेलं म्हणून तो गेला, तो गप्प राहिला म्हणून दगड तसेच राहिले. हिशेब कुठूनही धरला तरी सुटत नाही. तिथीची पाऊणपट करता येते, याची नाही.

"शाल अजून पेटीत हाय," मी म्हणालो. "तुला आनून देऊ?"

"मला कशाला? माझी तीन खाचरं गेली आनि वर तुझी शाल पांगरू?" मग गालात हसला. "फाडून आर्धी आर्धी घेऊ का?"

पाणी काठ्याला लागलं होतं. दोघंही बघत होतो. मी म्हटलं, मला दिवाळी अंकात लिहायला सांगितलंय. आपल्या गावात तो अंक येतो, वाचनालयात असतो. त्या सात घरांतलेही लोक वाचतात. लिहू का हे सगळं?

पाणी फिरलं. काठ्यावरची ओली रेघ बोटभर उघडी पडली, तेव्हा त्याने डबा सोडला. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"लिव," तो म्हणाला. "माझा बी लिव, मला लिवता येत नाय. आनि त्या चिंबोऱ्यांवरचा आल काढ. बिलं मी बगितली नव्हती."